काळ्या गाडीला घरीच हाताने पॉलिश करायचं आहे, कुठून सुरुवात करू?

इंदिरानगरवाली
नमस्कार मंडळी. बाबांची 2014 ची काळी स्विफ्ट आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, पण रंगाकडे बघवत नाही. उन्हात उभी केली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. टपावर पारव्यांनी घाण करून ठेवली आहे. दिंडोरीला मामांकडे गेलो की गाडी द्राक्षबागेला लागूनच लावतो, तिथले फवारणीचे निळसर-पांढरे ठिपके साध्या धुण्याने निघत नाहीत. सोसायटीत बोअरचं पाणी आहे आणि रोज सकाळी गाडी पुसायला एक दादा येतात. डिटेलिंगवाल्याने मशीन पॉलिश आणि रंगावरचं सिरॅमिक कोटिंग सुचवलं, पण आकडा ऐकून परत आले. दिवाळीआधी स्वतःच्या हाताने करायची इच्छा आहे. घरात रबिंग कंपाउंडचा एक डबा पडून आहे, तो चालेल का?

सिडकोकर
ताई, हाताने नक्की होतं. मी माझी वॅगनआर तशीच सांभाळतो. पण डबा एवढ्यात उघडू नका, अंबडच्या दादांचं उत्तर येऊ द्या.

अंबडचा_पेंटर
ताई, डबा आहे तिथेच राहू द्या. माझं आयुष्य अंबडला पेंट बूथमध्ये गेलं, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर ईडी कोट (गंज रोखणारा पहिला थर), प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीला चकाकी देणारा आणि उन्हापासून रंग राखणारा थर केसाहूनही पातळ आहे. पॉलिशने रेघ भरली जात नाही. रेघेच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो, म्हणून ती दिसेनाशी होते. एकदा घासलेलं परत येत नाही. म्हणून माझा आग्रह एकच असतो, धुण्यात जीव ओता आणि पॉलिशला शक्य तेवढा हात कमी लावा.

त्या रेघा खरं तर गोल नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळं दिसतं. ते पडतात रोजच्या पुसण्याने. रात्री दव पडतं, त्यावर धूळ चिकटते आणि सकाळी तीच धूळ फडक्याखाली रगडली जाते. पुसणाऱ्या दादांचं काम मात्र बंद करू नका, त्यांचा महिना त्यावर चालतो. त्यांना काचा, चाकं आणि आतली सफाई सांगा, रंगाला कोरडं फडकं लावू नका म्हणावं.

आता धुणं. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती सोडवा. दोन बादल्या घ्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची, मग पुन्हा शॅम्पू. टपापासून खाली यायचं. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर नको. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते वाळले की पांढरे ठिपके राहतात. आपल्याकडे नाशिकला गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं, शेवटच्या धुण्यापुरतं तरी तेच वापरा. आणि गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका. जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरा आणि अलगद ओढून घ्या.

धुतल्यावर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार लागेल, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा. पृष्ठभाग ओला ठेवून, वजन न देता, सरळ रेषेत फिरवायचा. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या. त्यात अडकलेली वाळू पुसून निघत नाही.

मग पॉलिश. तुमच्या डब्यातलं कंपाउंड भरड असतं, ते नाही; बारीक दाण्याचं फिनिशिंग पॉलिश. आधी डिकीच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. तिथे समाधान झालं तरच पुढे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी हे काम करू नका. फोमच्या पॅडवर थोडंसं घेऊन फूट-दीड फुटाचा चौकोन धरा, आधी लांबीला, मग आडवं. पुसून मोबाइलच्या टॉर्चने बघा. बॉनेटच्या कडा आणि दारांवरच्या उठावदार रेषांवर थर पटकन घासला जातो, तिथे मास्किंग टेप लावा. नखाला अडकणारा ओरखडा हाताने जाणार नाही, तो सोडून द्या. बारीक जाळं बरंच मंदावेल. काळ्या रंगावर मशीनसारखा आरसा हाताने येत नाही, पण गाडी बघणारा थांबून बघेल एवढं होतं.

शेवटी वॅक्स, अगदी पातळ. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं, काळ्या रंगाला ते फार शोभतं. आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त.

पिंपळगावचा_बागायतदार
ठिपक्यांचं मी सांगतो. निळसर-पांढरे म्हणजे बोर्डोचे असणार, मोरचूद आणि चुना. छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारतो आम्ही, ब्लोअरचा तुषार लांबवर जातो. नखाने खरवडू नका. आधी भरपूर पाणी मारा. राहिलेच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओलं कापड ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, लगेच धुवा. पत्रा गार हवा. वॅक्स या सगळ्यानंतर, कारण व्हिनेगरने आधीचं वॅक्स उतरतं. आणि मामांना विचारून वाऱ्याच्या वरच्या बाजूला गाडी लावत जा.

अंबडचा_पेंटर
भाऊंनी बरोबर सांगितलं. पारव्यांच्या घाणीलाही तसंच, ओला टिश्यू ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या, चोळू नका. खाली खड्डा पडल्यासारखा डाग राहिला तर रंग आतवर खाल्ला गेला आहे, त्याच्यामागे लागू नका.

इंदिरानगरवाली
दादा, भाऊ, मनापासून आभार. शनिवारी सकाळी धुण्यापासून सुरुवात करते. एकच शंका. बॉनेटच्या पुढच्या कडेला पापुद्रा सुटल्यासारखा पांढरट चट्टा आहे. तो वॅक्सने जाईल?

अंबडचा_पेंटर
नाही जाणार. तिथे क्लिअर कोट सुटला आहे. घासलंत तर कड आणखी उचलली जाईल, म्हणून त्या जागेला पॉलिशही लावू नका. बॉनेट पुन्हा रंगवणं हाच उपाय, बाकी गाडीला हात लावायची गरज नाही. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो दाखवूनच रंग बनवून घ्या, काळ्यातही छटा असतात. नव्या रंगावर महिनाभर तरी वॅक्स लावू नका, आतलं थिनर उडायला वेळ लागतो. तेवढे दिवस नुसतं पाण्याने धुवा.