पणजीला ज्येष्ठ आणि दिव्यांग नागरिकांसाठी स्वतंत्र नगर आयोग हवा का?

मळा, पणजी येथील रहिवासी (मूळ मांडणी):

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ज्येष्ठ आणि दिव्यांग नागरिकांसाठी सात सदस्यांचा आयोग आहे. सदस्यांची नेमणूक महापौर करतात आणि संबंधित खात्याचे धोरण व अंदाजपत्रक या आयोगापुढे मांडावे लागते. सभा सर्वांना खुली असते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे तिची विषयपत्रिका 72 तास आधी जाहीर होते. 2016 साली तेथील मतदारांनी याच नागरिकांच्या सेवांसाठी स्वतंत्र निधीही मतदानाने मंजूर केला. पणजी महापालिकेनेही असा आयोग स्थापन करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 8.6 टक्के होते, तर गोव्यात ते 11.2 टक्के होते. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये आणि जुन्या घरात दोघेच वृद्ध, ही स्थिती आपल्या प्रत्येक वाड्यावर दिसते. राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनचे दरमहा 2000 रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात, परंतु ते काढण्यासाठी बँकेपर्यंत ज्या पदपथावरून जायचे, त्याची रचना ठरवताना त्यांना कोणीही विचारलेले नसते. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला किमान 1.8 मीटर लांबीचा रॅम्प हवा. इतकी जागा आराखड्यातच राखावी लागते. काँक्रीट घट्ट झाल्यावर केलेल्या तक्रारीतून फार तर एक पत्र निघते, रॅम्प लांब होत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी बोलण्याचा अधिकार असलेली संस्था हवी.

ताळगाव येथील निवृत्त सरकारी अधिकारी:

आपली तळमळ योग्य आहे, उपाय मात्र मला चुकीचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अशी दोन्ही आहे, त्यामुळे समाजकल्याणाचा पैसा व कर्मचारी त्याच्याच हातात असतात. आपल्याकडे पेन्शन राज्य सरकार देते, बस कदंब महामंडळ चालवते, अनेक रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे आहेत आणि स्मार्ट सिटीची कामे स्वतंत्र कंपनीकडे आहेत. तीस प्रभागांच्या महापालिकेने नेमलेला आयोग यांपैकी कोणाला बांधून ठेवणार?

शिवाय कायदा आधीपासून आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगीही देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. ही हत्यारे गंजत ठेवून सात खुर्च्यांची नवी समिती नेमली, तर त्या खुर्च्यांवर निवडणुकीत तिकीट न मिळालेले कार्यकर्ते बसतील. मी अशा समित्यांची इतिवृत्ते आयुष्यभर लिहिली आहेत.

सांतिनेज येथील व्हीलचेअर वापरणारी तरुणी:

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ज्येष्ठ आणि दिव्यांग यांना एकाच आयोगात बसवू नका. 2011 च्या जनगणनेत गोव्यात दिव्यांग सुमारे 33 हजार होते आणि ज्येष्ठ त्यांच्या जवळजवळ पाचपट. मतांचा हिशेब करणारा नगरसेवक कोणाचे ऐकेल, हे सांगायला नको. रॅम्प, हातकठडे आणि बाके यांबाबत आमचे एकमत होईल. पण कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि मला नोकरीच्या ठिकाणी वापरता येईल असे शौचालय हवे आहे, आणि हे विषय आरोग्य शिबिर आणि भजन यांच्या यादीत शेवटी जातील. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हा या शहरात मला प्रथमच पाहुणी नव्हे तर रहिवासी असल्यासारखे वाटले. तो अनुभव दिव्यांगांनी स्वतः आखणीत भाग घेतल्यामुळे मिळाला.

मळा येथील रहिवासी:

दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. ताळगावच्या सद्गृहस्थांनी सांगितलेली कलमे मला मान्य आहेत, पण त्याच कायद्याने अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 च्या जूनमध्ये उलटून गेली. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला, कारण त्यात केवळ मार्गदर्शक सूचना होत्या, बंधन नव्हते. म्हणजे ज्या हत्यारांचा आपण उल्लेख करता, त्यांची धारच कच्ची होती. आयुक्त संपूर्ण राज्याचे आहेत; प्रत्येक गल्लीतील पदपथाच्या आराखड्यावर ते नजर ठेवतील, ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्याय करणारी आहे. ज्येष्ठांसाठी तर तसा आयुक्तही नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीचा 2007 चा कायदा मुख्यतः निर्वाहखर्च आणि वृद्धाश्रम यांविषयी बोलतो. केरळने 2025 मध्ये ज्येष्ठांसाठी राज्य आयोगाचा कायदा केला, तो हीच पोकळी ओळखून.

सांतिनेजच्या ताईंचा मुद्दा मला अधिक टोचला. त्यावर माझी दुरुस्ती अशी: निम्म्याहून अधिक जागा दिव्यांगांना द्याव्यात, त्यांची नावे त्यांच्या संघटनांनी सुचवावीत आणि दिव्यांगांशी संबंधित ठराव त्यांच्या बहुमताविना संमत होऊ नये.

ताळगाव येथील निवृत्त अधिकारी:

जागा कशाही वाटल्या तरी इतर खात्यांचा प्रश्न सुटत नाही. आयोगाऐवजी एकच अट लावा: महापालिका हद्दीत पदपथ, बसथांबा किंवा सार्वजनिक इमारत यांच्या निविदेआधी दिव्यांग व ज्येष्ठ वापरकर्त्यांनी आराखडा तपासल्याचे प्रमाणपत्र जोडलेले असावे आणि ते नसल्यास ठेकेदाराचे बिल अडवावे. ही अट राज्य सरकारने घातली तर ती सर्व खात्यांना लागू होईल. आयोग नसला तरी चुकीचे काम थांबेल.

सांतिनेज येथील तरुणी:

अट चांगली आहे. तपासणाऱ्यांना दिवसाचे मानधन मिळणार असेल आणि नकार देताना कोणाच्या मेहरबानीची भीती वाटणार नसेल, तर तिला माझा पाठिंबा आहे. मात्र प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यांची निवड कोण करणार, हे आपण लिहिलेले नाही, आणि तेवढे ठरल्याशिवाय आयोगाची मागणी सोडून द्यावी असे मला वाटत नाही.