मदत हवी आहे : मिनी ऑर्किड सालीत सुकतंय, मॉसमध्ये सडतंय

इंदूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकी पूर्वेची, सकाळी नऊपर्यंत कोवळं ऊन, पुढे नुसता उजेड. दोन मिनी फॅलेनोप्सिस ऑर्किड आहेत, ७ सेंटीमीटरच्या पारदर्शक कुंड्यांत.

आणली तेव्हा कुंड्यांत मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) गच्च दाबलेलं होतं. पावसाळ्यात एकाची मुळं तपकिरी, पोचट झाली. सडकी कापून दोन्ही रोपं पाइनची साल आणि कोळशात लावली. हिवाळा मस्त गेला, आता उलटाच त्रास! पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. सकाळी दहा मिनिटं कुंड्या पाण्यात बुडवते, तरी दुपारपर्यंत साल खडखडीत, मुळं चंदेरी, खालच्या पानांना सुरकुत्या. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवून पाहिलं, फरक शून्य. सासूबाई म्हणतात कूलरसमोर ठेव. मला झोताची धास्ती वाटते.

पाणी आरओचं देते, खत सध्या बंद आहे. एसी नाही आणि दिवसभर मी ऑफिसात, त्यामुळे दुपारी फवारणी जमणार नाही.

सालीत थोडं मॉस मिसळू का? किती? ऐन उन्हाळ्यात कुंडी बदललेली चालेल का, आणि कूलरपासून किती लांब ठेवू?