शब्दचर्चा : तोजीच्या कपडेबाजाराला मराठीत काय म्हणावं?

कापडवेडी : क्योटोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. झाडं, लोणची, भांडी असं सगळंच असतं, पण माझे पाय वळतात ते किमोनोंच्या ढिगांकडे. ताडपत्रीवर रेशमाच्या राशी ओतलेल्या असतात आणि बायका वाकून दोन्ही हातांनी त्या उपसत असतात. यावर मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत 'सेल' आला. तो मला खटकतोय. सेल म्हणजे दुकानदाराने चार दिवस दिलेली सूट. इथे तसं काही नसतं. शिवाय 'फुरुगी' म्हणजे वापरलेले कपडे, 'नेगिरु' म्हणजे घासाघीस, या शब्दांचं काय करू? सुचवा.

पारावरचा : ताई, सरळ 'जत्रा' लिहा. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले. बाजाराची तारीख त्यावरूनच आली. देवाशी किंवा संताशी नातं जोडणाऱ्या अशा दिवसाला जपानी लोक 'एन्निची' म्हणतात. आधी देव, मग त्याच्या दारात दुकानं, ही आपल्या जत्रेचीच रीत झाली. क्योटोकर तर बाजारालाच आदराने 'कोबोसान' म्हणतात. २५ तारखेला कितानो तेन्मांगू या देवळात भरतो तो 'तेन्जिनसान'. कोबोसानला ऊन पडलं तर तेन्जिनसानला पाऊस, अशी तिथली म्हणसुद्धा आहे. नव्या वर्षात मोठी दुकानं भाव उतरवतात आणि आत काय आहे ते न कळणाऱ्या बंद 'फुकुबुकुरो' पिशव्यांसाठी रांगा लागतात, त्याला मात्र खुशाल 'सेल' म्हणा.

सुईदोरा : जत्रा पटलं. फुरुगीसाठी मला आधी 'जुनेर' सुचलं होतं. किती मायेचा शब्द आहे! धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं, बाळाच्या दुपट्यासाठी जपून ठेवलेलं. पण तो सगळीकडे चालणार नाही. त्या ढिगात अंगाला न लागलेले किमोनोही असतात. शिंप्याने घातलेला पांढरा कच्चा टाका, 'शित्सुके', तसाच दिसला की समजायचं, हा कुणी नेसलेलाच नाही. त्याला जुनेर म्हणणं अन्याय होईल. युकाताला, म्हणजे उन्हाळी सुती किमोनोला, जुनेर म्हणावं, रेशमी किमोनोला 'जुना किमोनो' एवढंच पुरे.

'बोरो' शब्दही लेखात घ्याच. तोक्योच्या सेतागायात डिसेंबर आणि जानेवारीच्या १५-१६ तारखांना 'बोरोइची' भरतो. होजो उजिमासा या सरदाराने १५७८ साली तिथे खुला बाजार सुरू केला, त्याचंच हे आजचं रूप. बोरो म्हणजे चिंध्या. शेतकरी त्या विकत घेत आणि गवती चपला वळताना टिकाऊपणासाठी मध्ये घालत. म्हणून बाजाराचा अर्थ सांगताना 'चिंध्यांचा बाजार' लिहा. पण ठिगळावर ठिगळ शिवलेल्या जाड वस्त्रालाही आज बोरोच म्हणतात, तिथे 'चिंधी' चालणार नाही. तिथे 'वाकळ'च हवी. एका जपानी शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर लागू देत.

पारावरचा : नेगिरुमध्ये 'ने' म्हणजे किंमत आणि 'किरु' म्हणजे कापणं. आपण भाव 'पाडतो', ते कापतात. 'भाव पाडून मागणे' अगदी चपखल बसेल. गिऱ्हाईक म्हणतं 'माकेते', त्याचा शब्दशः अर्थ 'हरा', विक्रेत्याने हार मानावी. याचं शब्दशः भाषांतर अजिबात करू नका. आपल्या बाजारात बाई म्हणते, 'सोडा की थोडे', तेच लिहा.

अष्टागर : मला वेगळंच सांगायचंय. किमोनोच्या आत घालतात त्या वस्त्राचं नाव 'जुबान'. हा शब्द पोर्तुगीज 'जिबांव'वरून जपानीत गेला आणि त्याच्या मुळाशी अरबी 'जुब्बा' आहे. पावसाळी अंगरखा 'काप्पा', तो पोर्तुगीज 'कापा'. म्हणजे या राशीतली काही नावं मुळात जपानी नाहीतच, ती जहाजांतून उतरलेली आहेत.

आणि आता आमच्या गावाकडची गोष्ट. जपानीत 'चाउजिमा' नावाचं पातळ, पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी कापड आहे. 'जिमा' म्हणजे पट्टे आणि 'चाउ' म्हणजे आपलं चौल! जुन्या कागदांतलं चेऊल. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये ते ठाणं मराठ्यांकडे आलं. मधल्या काळात चौलचं रेशीम पोर्तुगीजांमार्फत जपानला पोचलं. पुढे १६८०च्या दशकात क्योटोच्या विणकरांनी तसंच कापड स्वतः विणलं आणि ते हाकामासाठी, म्हणजे चुण्यांच्या घोळदार अधोवस्त्रासाठी, वापरात आलं. रायगड जिल्ह्यातल्या एका बंदराचं नाव जपानी शब्दकोशात कापड होऊन बसलंय आणि आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या लेखात याला एक परिच्छेद द्याच.

कापडवेडी : परिच्छेद काय, अर्धा लेख देते! मग 'चाउजिमा'ला मराठीत 'चौली पट्टा' म्हटलं तर चालेल?

अष्टागर : कंसात द्या. मुख्य शब्द चाउजिमाच ठेवा, वाचकाला तो त्याच नावाने पुढे शोधता यायला हवा. पहिल्यांदा येईल तिथे 'चाउजिमा (चौलचे पट्टे)' असं लिहा.

सुईदोरा : कपड्यांची नावं जपानी आणि बाजाराची भाषा मराठी, हे मलाही पटतं. फक्त नुसतं 'जुबान' लिहू नका, आपला वाचक जीभ समजेल. ढिगात बहुतेक वेळा मिळतं ते पायघोळ, म्हणून 'नागाजुबान' असं पूर्ण नाव लिहा.