समुद्राजवळ ८ मायक्रॉन जिंक प्लेटिंग पुरेल का?

फिटर_रत्नागिरी
५ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचे ब्रॅकेट, त्यांना एम८ चे (८ मिमी) ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि काही त्याहून बळकट १२.९ ग्रेडचे अ‍ॅलन बोल्ट. सगळं समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या पंप हाऊसबाहेर, उघड्यावर बसणार. ड्रॉइंगवर ‘जिंक ८ मायक्रॉन, ब्लू पॅसिव्हेशन’ (जिंकवर देतात तो पातळ संरक्षक थर) एवढंच आहे. मागच्या लॉटच्या बोल्टांवर १५ दिवसांत पिशवीतच पांढरी भुकटी आली. त्यापेक्षा नुसता इपॉक्सी रंग मारला तर? जिंकचा नेमका फायदा काय?

प्लेटिंग_लाइन
रंग फक्त झाकतो. टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि गंज रंगाखालून सरकत जातो. जिंक झाकतं, शिवाय लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं (जिंकचा विभव −०.७६ व्होल्ट, लोखंडाचा −०.४४; ज्याचा जास्त ऋण तो आधी झिजतो). पाना घसरून बोल्टच्या डोक्यावर ओरखडा पडला तरी दोन्ही बाजूंचं जिंक ती उघडी रेघ राखतं. हाच खरा फायदा.

पांढरी भुकटी म्हणजे जिंकचा गंज, लोखंड अजून शाबूत आहे. बोल्ट ओलसर असतानाच पिशवीत भरले की हे होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये सुकवायला सांगा, हवा ६० अंशांच्या आत ठेवा. जास्त तापली तर पॅसिव्हेशनचा थर तडकतो. मग २४ तास उघडे ठेवून पॅकिंग. आणखी एक बघा: पॅसिव्हेशनच्या टाकीत तळाला पडलेले बोल्ट रोज काढतात का? त्यांचं लोह विरघळतं आणि अख्ख्या लॉटचा थर कमजोर येतो.

मायक्रॉन_मोजणी
भुकटी थांबेल, पण किनाऱ्यावर ८ मायक्रॉन मुळातच कमी. आयएसओ ९२२३ मानकाच्या सी५ (फार गंजवणाऱ्या) वातावरणात जिंक वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन जातं. म्हणजे वर्ष, फार तर दोन. त्यातही ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात प्लेटिंगचा करंट कमी पोचतो; कडेला १२ भरलं तरी तिथे ४-५ च असू शकतं. जाडी मोजायचं गेज तिथे लावा, सपाट भागावर नाही.

ब्रॅकेट हॉट डिप करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या. आयएसओ १४६१ नुसार ३ ते ६ मिमी जाडीला सरासरी किमान ७० मायक्रॉन मिळतात. बंद पोकळी असेल तर आधी भोकं पाडा, नाहीतर ४५० अंशांच्या जस्तात आतली वाफ पोकळी फोडते.

एम८ वर ८ मायक्रॉन बसवणंही अवघड. आट्याचा कोन ६० अंशांचा, त्यामुळे पिच डायमीटर (आट्याचा मधला व्यास) थराच्या जाडीच्या चौपट वाढतो, म्हणजे ३२ मायक्रॉन. ६जी (बोल्टच्या आट्याची नेहमीची मापमर्यादा) मध्ये थराला जागा २८ मायक्रॉनचीच. नट अडकतो, मग पोरं तो जोर लावून फिरवतात आणि जिंक सोलून निघतं. ८.८ चे बोल्टही हॉट डिप घ्या, नट मात्र ओव्हरसाइज टॅप केलेले, म्हणजे आटा थोडा मोठा पाडलेले.

हीट_ट्रीट
वरचं १२.९ ला लावू नका, कृपया. तेवढ्या कडक स्टीलला ना हॉट डिप, ना साधं प्लेटिंग. अ‍ॅसिड पिकलिंग (अ‍ॅसिडने गंज काढणं) आणि प्लेटिंग दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट टॉर्कला बरोबर बसतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोकं तुटून पडतं. प्लेटिंग करावंच लागलं तर ४ तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास बेकिंग (हायड्रोजन घालवायला भट्टीत तापवणं), तेही पॅसिव्हेशनच्या आधी. त्यापेक्षा शॉट ब्लास्ट (छर्ऱ्यांच्या माऱ्याने साफ) करून जिंक फ्लेक कोटिंग (जिंकच्या बारीक पापुद्र्यांचा थर) घ्या. त्यात करंट नाही, अ‍ॅसिड नाही. हा थर साधारण २०० ते ३०० अंशांना भाजतात.

फिटर_रत्नागिरी
कळलं. पंप हाऊसच्या आत जे पार्ट कोरडे राहतात, त्यांना प्लेटिंगच ठेवतो. त्यांच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ‘सॉल्ट स्प्रे ७२ तास’ (मिठाच्या फवाऱ्यातली गंज चाचणी) लिहिलं तर पुरे?

मायक्रॉन_मोजणी
नाही. ‘७२ तासांत पांढरा गंज नाही’ की ‘लाल गंज नाही’, हे स्पष्ट लिहा. पहिली अट पॅसिव्हेशन तपासते, दुसरी जिंकची जाडी. नुसते तास लिहिले तर प्लेटर सोपी अट धरतो आणि रिपोर्ट पास होतो.