दक्षिण इटलीत पाच रात्री: मुक्काम नेपल्सला, सोरेंटोला की आणखी कुठे?

पर्वतीपायथा (पुणे)

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझी ७१ वर्षांची आई असे आम्ही तिघे इटलीला जाणार आहोत. रोमचे चार दिवस ठरलेले आहेत. अडले आहे ते त्यापुढच्या पाच रात्रींपाशी. पाँपेई पाहायचेच आहे, अमाल्फीचा किनारा आईला दाखवायचा आहे आणि जमल्यास कॅप्री बेटावरही जायचे आहे. परतीचे विमान नेपल्सहून सकाळी अकराचे आहे. मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याचा विचार नाही.

आई सपाटीवर तीन किलोमीटर आरामात चालते, परंतु गुडघ्यांमुळे जिने चढण्यापेक्षाही उतरताना तिला त्रास होतो. ती शाकाहारी असून अंडेही खात नाही.

पत्नीने छायाचित्रे पाहून पोझितानोत राहायचे जवळजवळ ठरवलेच होते. तिथले दर पाहिल्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. एक स्नेही सोरेंटो सुचवतात, धाकटा भाऊ म्हणतो की नेपल्सला राहून सगळीकडे रेल्वेने जा, आणि शेजारचे काका सांगतात की नेपल्समध्ये पाऊलही ठेवू नका. व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाची आरक्षणे जोडायची असल्याने निर्णय लवकर घ्यायचा आहे. पाचही रात्री एकाच ठिकाणी काढाव्यात की दोन ठिकाणी विभागाव्यात, हेही जाणकारांनी सांगावे.

राईनकाठ (जर्मनी)

मी या भागात तीनदा गेलो आहे आणि तिन्ही वेळा वेगळ्या गावी उतरलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी नकाशा समोर घ्या. नेपल्सच्या दक्षिणेला जमिनीचा एक हात समुद्रात शिरला आहे. त्याच्या उत्तरेकडच्या अंगाला सोरेंटो आहे आणि दक्षिणेकडच्या अंगाला पोझितानो, अमाल्फी ही गावे कड्याला चिकटून बसली आहेत. नेपल्सहून वेझुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याने एर्कोलानो आणि पाँपेई घेत जाणारी स्थानिक रेल्वे सोरेंटोला संपते. तिथून पुढे थेट किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या सालेर्नो शहरापर्यंत रूळच नाहीत. उरतो तो एक अरुंद, वळणावळणाचा घाटरस्ता आणि समुद्रातून जाणाऱ्या बोटी. त्यामुळे कोणते गाव अधिक सुंदर हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि रोज सकाळी आईंना घेऊन बाहेर कसे पडणार व संध्याकाळी परत कसे येणार, यावरून मुक्काम ठरवा.

माझे मत सालेर्नोला आहे. रोमहून वेगवान गाडी तिथे थेट सुमारे दोन तासांत पोहोचते. स्थानकापासून बोटींचा धक्का चालत काही मिनिटांवर आहे, वाट सपाट आहे, आणि बोटीने अमाल्फी सुमारे ३५ मिनिटांत, तर पोझितानो सव्वा तासाच्या आत येते. घाटरस्त्यावर बसमध्ये उभे राहून ज्यांना मळमळते त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय तो किनारा मुळात समुद्रातूनच पाहावा. रस्त्यावरून पाहताना निम्मा वेळ समोरच्या बसची मागची काचच दिसते. सालेर्नोत समुद्रकाठाने फिरण्याचा लांबलचक रस्ता आहे, जुन्या पेठेत मध्ययुगीन गल्ल्या आहेत, आणि एके काळी इथले वैद्यकशिक्षण सर्व युरोपात नावाजलेले होते. मात्र हे कामकाजाचे, बंदराचे शहर आहे, खिडकीतून मालवाहू जहाजांच्या याऱ्या दिसू शकतात. पत्नीची समजूत आपल्याला घालावी लागेल.

एक सावधगिरी बाळगा. या बोटी साधारण वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच चालतात आणि समुद्र खवळला की त्या दिवशी रद्द होतात. म्हणून किनाऱ्यासाठी एकच दिवस राखून ठेवू नका.

पायरीमोज्या (ठाणे)

पोझितानोत तीन रात्री राहून आलेला मनुष्य म्हणून लिहितो. आमच्या घराच्या जाहिरातीत 'समुद्रापासून पाच मिनिटे' असे लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. फक्त ती पाच मिनिटे उतरण्याची होती. परतताना मी मोजलेल्या पायऱ्या २१४ भरल्या. त्या गावाला रस्ता असा एकच, बाकी सगळे जिने आहेत, आणि सामान वाहून नेण्यासाठी हमाल करावे लागतात. दुसऱ्या दिवशी अमाल्फीला जाताना दोन बसगाड्या भरलेल्या असल्याने थांब्यावर न थांबताच निघून गेल्या आणि आम्ही दीड तास उन्हात तिष्ठत उभे राहिलो. गाव मात्र पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. सकाळच्या बोटीने जावे, धक्क्याजवळच्या सपाट भागात आईंना लिंबाचे सरबत पाजून बसवावे, आपण वर फिरून यावे आणि दुपारच्या बोटीने परतावे.

कुठेही राहा, पण आरक्षणापूर्वी घरमालकाला लेखी विचारा की रस्त्यावर मोटार थांबते तिथपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत. 'लिफ्ट आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, कारण अनेक जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत जायलाच आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत त्या घराचा राष्ट्रीय ओळख क्रमांक (इटलीत त्याला CIN म्हणतात) दिलेला आहे का तेही पाहा. १ जानेवारी २०२५ पासून तो बंधनकारक आहे आणि तो नसेल तर मी त्या घराच्या वाटेला जाणार नाही. पर्यटक कर माणशी, दर रात्रीचा, बहुधा तिथे पोहोचल्यावर वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरा. व्हिसासाठी आत्ता जी आरक्षणे कराल ती विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्या.

तेरणाकाठ (धाराशिव)

शेजारच्या काकांचे ऐकून नेपल्स वगळू नये, अशी माझी विनंती आहे. पाँपेईत आपल्याला रस्ते, भिंती आणि घरे दिसतात, पण तिथली उत्तमोत्तम भित्तिचित्रे, मोझेक आणि घरगुती वस्तू नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. एक पाहून दुसरे न पाहणे म्हणजे रिकामा वाडा पाहून घरच्या माणसांना न भेटताच परतण्यासारखे आहे. आम्हा तेरच्या परिसरातील लोकांना त्या संग्रहालयाचे आणखी एक अप्रूप आहे. इ. स. ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय आहे, आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील मूर्ती लहानपणापासून पाहत आलेलो मी नेपल्समध्ये त्या काचेसमोर किती वेळ उभा होतो, ते सौभाग्यवतींना विचारावे लागेल. संग्रहालय मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा.

नेपल्समध्ये कुठे उतरावे, तर मुख्य स्थानकाला अगदी लागून नको. तो भाग रात्री गजबजलेला आणि अस्ताव्यस्त असतो, आणि काकांनी कोणाकडून तरी जे ऐकले असेल ते बहुधा तिथलेच असावे. तोलेदो मेट्रो स्थानकाच्या आसपास किंवा समुद्राकडच्या क्याया भागात खोली घ्या. जुन्या शहराच्या ऐन मध्यावरही राहता येते, परंतु तिथे मध्यरात्रीपर्यंत स्कूटर आणि गप्पा यांचा आवाज असतो, म्हणून अंगणाकडची खोली मागून घ्यावी. गर्दीत पाकीट आणि मोबाइल सांभाळावा, जसा आपण दादरला सांभाळतो तसाच.

आईंच्या जेवणाबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'जेनोव्हेझे' नाव वाचून आपल्याला तुळशीसारख्या पानांची हिरवी चटणी आठवते, पण नेपल्समध्ये त्या नावाखाली कांद्यात तासन्‌तास शिजवलेले मांस येते. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असते, चीजही नसते. तो निर्धास्तपणे मागवावा.

लिंबोणी (मुंबई)

सोरेंटोच्या बाजूने कोणीच बोलले नाही, म्हणून मी बोलते. गावाचा मधला भाग बऱ्यापैकी सपाट आहे, कड्यावरील बागेतून खाली किनाऱ्यावर जायला लिफ्ट आहे, कॅप्रीची बोट जेमतेम अर्ध्या तासाची आहे आणि नेपल्सच्या विमानतळावर थेट बसही जाते. माझ्या सासूबाईंना तिथे एक दिवसही जड गेला नाही. पोझितानोचे स्वप्न सोडावे लागलेल्या पत्नीलाही सोरेंटोची खिडकी सालेर्नोच्या याऱ्यांपेक्षा बरी वाटेल, असे मला वाटते.

राईनकाठ (जर्मनी)

लिंबोणी यांचे म्हणणे मान्य आहे, आणि कॅप्री हेच मुख्य आकर्षण असते तर मीही सोरेंटोच सांगितले असते. परंतु रोमहून तिथे जाताना नेपल्सला गाडी बदलून पुढे सुमारे सव्वा तास स्थानिक रेल्वेने जावे लागते. तिच्यात जागा राखून ठेवता येत नाही, गर्दी असते, आणि तीन बॅगा व आई अशा स्थितीत तो प्रवास मी टाळला असता. हंगामात त्याच मार्गावर आरक्षित आसनांची पर्यटक गाडी चालते, तिच्या वेळा जुळत असतील तर गोष्ट वेगळी. पाच रात्री सोरेंटोत काढल्यास नेपल्सचे संग्रहालय मात्र बहुधा राहून जाईल.

पूर्वेकडच्या पुलिया प्रांताचा आणि माटेरा शहराचाही विचार कोणी सुचवण्याआधीच सांगतो की या वेळी तो करू नये. माटेराची दगडात कोरलेली घरे अद्‌भुत आहेत, पण तिथेही जिनेच जिने आहेत, आणि नेपल्सहून त्या बाजूच्या बारी शहराला जाण्यात अर्धा दिवस खर्ची पडतो. त्या बाजूला स्वतंत्र आठवडा द्यावा.

पर्वतीपायथा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आई आणि पत्नी यांच्यासमोर हे सगळे वाचून दाखवले. २१४ पायऱ्यांच्या ठिकाणी पत्नीने स्वतःच पोझितानोचे पान बंद केले, आणि तेरची मूर्ती ऐकून आईने नेपल्सचा आग्रह धरला. तिचे माहेर लातूरचे आहे, हे मी लिहायला विसरलो होतो.

तूर्त असे ठरले आहे की रोमहून थेट सालेर्नोला जाऊन तिथे तीन रात्री राहायचे, म्हणजे एक दिवस बोट रद्द झाली तरी दुसरा हाताशी राहील, आणि शेवटच्या दोन रात्री नेपल्सला तोलेदोजवळ काढून तिथूनच विमानतळ गाठायचा. कॅप्री सोडून दिले आहे. पाँपेई सालेर्नोहून करावे की नेपल्सहून, आणि आईला ते झेपेल का, एवढेच विचारायचे राहिले.

पायरीमोज्या (ठाणे)

दोन्हीकडून सारखेच सोपे आहे, कारण नेपल्स ते सालेर्नो या सरकारी रेल्वेमार्गावर पाँपेई नावाचे स्थानक आहे. सोरेंटोच्या रेल्वेचे स्थानक वेगळे आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. या स्थानकावरून रंगमंडलाच्या चौकातील (पियाझ्झा अँफितेआत्रो) प्रवेशद्वार चालण्याच्या अंतरावर आहे, आणि आईंना नेमके तिथूनच आत न्यावे, कारण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी आखलेला, तीन किलोमीटरपेक्षा थोडा अधिक लांबीचा विनाअडथळ्याचा मार्ग तिथून सुरू होतो. इतर रस्त्यांवरचे मोठमोठे ओबडधोबड दगड गुडघ्यांना मानवणारे नाहीत. तिकिटावर नाव असते आणि दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश मिळतो, तेव्हा ते आधीच काढा व पारपत्र जवळ ठेवा. सालेर्नोच्या मुक्कामात ज्या दिवशी बोटी बंद असतील तो दिवस पाँपेईला द्यायचा मोह होईल, पण त्याच दिवशी तिकिटे उरलेली असतील याची खात्री नसते, म्हणून मी पाँपेई नेपल्सच्या पहिल्या दिवसावर टाकले असते.