हळदीच्या पोत्यातली ओल साध्या आरएफआयडी टॅगनं कळेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीत काकांचं हळदीचं गोडाऊन आहे, पावसाळ्यात खालच्या थरातल्या पोत्यांना ओल धरते आणि बुरशी दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. थप्पीथप्पीत बॅटरीवाला सेन्सर ठेवणं परवडत नाही, म्हणून डोक्यात आलंय की स्वस्तातले यूएचएफ स्टिकर टॅगच पोत्यांवर लावायचे, फास्टॅगच्या जातीचे, बॅटरी नाही, रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओ लहरींवरच चिप चालते. जवळ पाणी वाढलं की टॅगचा अँटेना डीट्यून होतो, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकतो, मग परतीचा सिग्नल पडतो किंवा टॅग जागा व्हायला रीडरची पॉवर जास्त लागते, इथपर्यंत समजलंय.

घोळ असा की आरएसएसआय, म्हणजे परतीच्या सिग्नलची ताकद, अंतरानं बदलतो, कोनानं बदलतो, अहो शेजारनं हमाल गेला तरी बदलतो, वर पत्र्याचं शेड म्हणजे परावर्तन आलंच. ओल कुठली आणि हमाल कुठला, ओळखायचं कसं? एकाच पोत्यावर दोन टॅग, एक सुती कापडावर उघडा आणि दुसरा प्लास्टिकमध्ये सील केलेला, दोघांतला फरक बघितला तर जमेल का? आकडा अचूक नको, "हे पोतं बघा" एवढं कळलं तरी बास.

आणि रीडर कुठला घ्यावा? आपल्या 865 ते 868 मेगाहर्ट्झचा, पॉवर थोडी थोडी वाढवता येणारा, फेजही (परतीची लहर किती सरकून आली ते) देणारा. अमेरिकेच्या 902 ते 928 वाला सांगू नका. ओलाव्याचा कोड स्वतः देणाऱ्या खास चिपा असतात, पण त्या महाग पडतात. कुणी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला वापरल्यात का?