मदत हवी आहे: होकायंत्र एकाच्याच हातात राहतं

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या शाळेत चौथीला शिकवते. पश्चिम विचारली की आमची पोरं बिनचूक समुद्राकडे बोट दाखवतात, पण नकाशा दिला की ‘उत्तर वर’ म्हणून आभाळाकडे बघतात. म्हणून शनिवारी सुरूच्या बनात खजिनाशोध घेतला. चौघांचा गट, खजिना म्हणजे डबाभर आंबावडी.

नकाशा वाळूवर पसरून काट्याप्रमाणे फिरवून घ्यायचं छान जमलं. एक गट पत्र्याच्या शेडला चिकटून उभा होता, काटा भलतीकडेच! लोखंडापासून लांब जायचं, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. मला फार आनंद झाला.

अडचण वेगळीच आहे. एका अबोल मुलीने होकायंत्र तळहातावर आडवं धरलं, आणि काटा स्थिरावायच्या आत दुसऱ्याने ते ओढून घेतलं. मग तो पुढे, तिघं मागे.

नकाशा, होकायंत्र, पावलांची मोजणी आणि चिठ्ठी अशी चौघांत वाटणी करायचा विचार आहे. पण चौघांचं जुळल्याशिवाय पुढची जागा सापडणारच नाही, अशी चिठ्ठी कशी लिहायची? कुणी केलं असेल तर एखादा नमुना द्याल का? आणि 1 सेंटिमीटरला किती पावलं धरता? पाऊस लागायच्या आत पुन्हा घ्यायचंय.